एक देश, तीन चित्रफिती

११ सप्टेंबर १९७४ च्या रात्री इथिओपियात अदिस अबाबाच्या दूरचित्रवाणीवर एक चित्रपट दाखवला गेला. वोलो प्रांतातली हाडांचा सापळा झालेली माणसं, मातीत ओळीने ठेवलेली प्रेतं, आईच्या मांडीवर निपचित पडलेली मुलं. त्या दृश्यांच्या अधूनमधून राजवाड्यातल्या मेजवान्या, शॅम्पेनचे पेले आणि आपल्या लाडक्या कुत्र्यांना मांस भरवणारे सम्राट हैले सेलासी. सम्राटांनीही हा चित्रपट पाहावा असा निरोप राजवाड्यात पोचवला गेला होता, असं सांगतात. दुसऱ्या दिवशी सकाळी लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांना पदच्युतीचा हुकूम वाचून दाखवला आणि चव्वेचाळीस वर्षं सम्राटपदावर असलेल्या त्या वृद्ध माणसाला एका छोट्या फोक्सवॅगन मोटारीत बसवून नेलं.

मूळ चित्रपट राजवट उलथवण्यासाठी तयारच झाला नव्हता. जोनाथन डिम्बलबी या ब्रिटिश पत्रकाराने तो केला होता. नाव ‘द अननोन फॅमिन’. ऑक्टोबर १९७३ मध्ये तो ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर दाखवला गेला आणि तिथल्या घराघरांतून मदतीचा ओघ सुरू झाला. जगापासून लपवून ठेवलेला दुष्काळ या चित्रपटामुळे उघडा पडला. वर्षभराने ‘दर्ग’ नावाच्या लष्करी गटाने तीच दृश्यं घेतली, त्यांत राजवाड्याची दृश्यं जोडली आणि आपल्याच देशातल्या लोकांना दाखवली. लंडनमध्ये ज्या चित्रांमुळे लोकांना पैसे द्यावेसे वाटले, त्याच चित्रांमुळे अदिस अबाबात लोकांना राजाचा संताप आला. उपाशी माणसं दोन्हीकडे तीच होती. बदलला होता तो दाखवणारा, बदलला होता पाहणारा आणि बदलली होती शेजारची चौकट.

जगातल्या टोकाच्या दारिद्र्याची जाणीव चित्रपटांतून करून देता येते का, हा प्रश्न नेहमी मोघमपणे विचारला जातो. उत्तरही तसंच मोघम मिळतं: हो, चित्रपट प्रभावी माध्यम आहे. इथिओपियाची गोष्ट या उत्तरापाशी थांबू देत नाही. या एकाच देशात चाळीस वर्षांच्या आत तीन वेगळ्या चित्रफितींनी तीन वेगळी कामं केली. पहिलीने सिंहासन हलवलं. दुसरीने जगभरातून कोट्यवधी पौंड गोळा केले. तिसरी सर्वांत कमी गाजली आणि तिचे प्रेक्षक स्वतः गरीब होते.

पहिल्या चित्रफितीने काय दाखवलं, यापेक्षा तिला काय दाखवता आलं नाही, हे अधिक शिकवणारं आहे. कॅमेऱ्यापुढे उपाशी माणसं होती आणि कोरडी जमीन होती. पाहणाऱ्याच्या मनात या दोन्हींची सांगड आपोआप घातली जाते: पाऊस नाही, पीक नाही, म्हणून माणसं मेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात वोलोचा हिशेब मांडला, तेव्हा वेगळंच चित्र समोर आलं. दुष्काळाच्या वर्षी इथिओपियाचं एकूण अन्नउत्पादन नेहमीपेक्षा सुमारे सात टक्क्यांनीच घटलं होतं. वोलोची राजधानी देसी इथे धान्याचे भाव आकाशाला भिडले नव्हते. उलट, वोलोतून थोडंफार धान्य बाहेर जात होतं. शेतकऱ्याचं पीक गेलं तेव्हा त्याचं खाणं गेलं आणि त्याच वेळी खिशातला पैसाही गेला. बाजारात धान्य होतं, पण ते विकत घेण्याची ऐपत उरली नव्हती. प्रांतातून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण महामार्गावर लोक मोटारी अडवून अन्न मागत उभे राहिले, तेव्हा त्याच रस्त्याने मालमोटारी धावत होत्या.

मराठी वाचकाला इथे थांबून विचार करायला हवा, कारण तीच वर्षं महाराष्ट्राच्या आठवणीत ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणून कोरलेली आहेत. १९७२-७३ मध्ये राज्यातलं तृणधान्याचं उत्पादन दुष्काळापूर्वीच्या निम्म्याच्या आसपास आलं होतं. म्हणजे पिकाचा फटका वोलोच्या देशापेक्षा कितीतरी मोठा होता. जनावरं मेली, विहिरी आटल्या, माणसांनी मिलो नावाची आयात केलेली लाल ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. पण वोलोसारखी माणसं मेली नाहीत. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडत होती, पाझर तलाव खणत होती, रस्ते बांधत होती आणि आठवड्याची मजुरी घेऊन बाजारात जात होती. मजुरी हातात आली की व्यापारी धान्य घेऊन येतोच. ज्याँ द्रेझ आणि सेन यांनी या दुष्काळाचा पुढे बारकाईने अभ्यास केला. या दुष्काळी कामांच्या अनुभवातूनच वि. स. पागे यांनी आखलेली रोजगार हमी योजना आकाराला आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, तेही मोजक्या घरांत. गावोगावच्या उपासमारीचं चित्रीकरण करून मुंबईला दाखवणारं कुणी नव्हतं. तरीही सरकारला हलावं लागलं. मोर्चे निघत होते, तहसील कचेऱ्यांना घेराव पडत होते, विधानसभेत प्रश्न विचारले जात होते, वर्तमानपत्रं रोज लिहीत होती. इथिओपियात यांपैकी काहीच नव्हतं. म्हणून तिथे एका परदेशी चित्रफितीला ते सगळं काम एकटीने करावं लागलं आणि ते काम लष्कराने आपल्या सोयीने वळवून घेतलं. ज्या समाजात गरिबाला आवाज उठवायची वाट नसते, तिथेच चित्रपटावर असा अवाजवी भार पडतो.

दर्गच्या राजवटीला आपला दहावा वर्धापनदिन सप्टेंबर १९८४ मध्ये थाटामाटात साजरा करायचा होता. अदिस अबाबात कमानी उभ्या राहत होत्या आणि उत्तरेकडे तिग्रे आणि वोलोमध्ये पुन्हा माणसं मरत होती. दुष्काळाचा वापर करून सत्तेवर आलेलं सरकार आता स्वतः दुष्काळ लपवत होतं.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये नैरोबीचा कॅमेरामन मोहम्मद अमीन आणि बीबीसीचा वार्ताहर मायकेल ब्यूर्क कोरेम आणि मेकेले इथे पोचले. अमीनचा कॅमेरा पहाटेच्या धुक्यातून हजारो माणसांच्या छावणीवर सावकाश फिरतो. कांबळी पांघरून उकिडवी बसलेली माणसं, त्यांच्या मधोमध गुंडाळून ठेवलेली प्रेतं. ब्यूर्कने लिहिलेलं निवेदन शांत, जड आणि धर्मग्रंथातल्या संकटाची आठवण करून देणारं होतं. २३ ऑक्टोबर १९८४ रोजी बीबीसीने ते दाखवलं आणि जगभरातल्या चारशेहून अधिक दूरचित्रवाणी केंद्रांनी ते पुढे दाखवलं. काही मिनिटांची बातमी. चित्रपट म्हणावा एवढी लांबीसुद्धा नाही. पण जगातल्या कुठल्याही दीर्घ माहितीपटाला एवढे प्रेक्षक क्वचितच मिळाले असतील.

ते पाहणाऱ्यांत आयरिश गायक बॉब गेल्डॉफ होता. डिसेंबरमध्ये ‘बँड एड’चं गाणं आलं. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली मैदानावर आणि अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात ‘लाइव्ह एड’ झालं. ब्रिटिश हवाई दलाच्या हर्क्युलिस विमानांनी उत्तरेच्या डोंगरांत धान्याची पोती टाकली. त्या धान्याने माणसं वाचली, यात शंका नाही. मेकेलेजवळ एका कॅनेडियन वार्ताहरासमोर परिचारिकेने सांगितलं होतं की, समोरची मुलगी आणखी पंधरा मिनिटं काढील. तिच्यासाठी खड्डाही खणला होता. दुसऱ्या दिवशी ती जिवंत होती. बिऱ्हान वोल्दू हे तिचं नाव. तिचा मरणप्राय चेहरा लाइव्ह एडच्या पडद्यावर लाखो लोकांनी पाहिला. २००५ च्या जुलैत लंडनच्या हाइड पार्कमध्ये ती तरुणी म्हणून मंचावर उभी राहिली, तेव्हा ती शेतीचं शिक्षण घेत होती. मदतीला नावं ठेवणाऱ्याने आधी या मुलीकडे पाहावं.

आणि तरीही त्या बातमीत एक मोठी पोकळी होती. युद्ध. तिग्रे आणि एरिट्रियात बंडखोरांशी दर्गची लढाई चालू होती. बाजारांवर बॉम्ब पडत होते, धान्याच्या वाटा लष्कर अडवत होतं. पाऊस कमी पडला होता हे खरं, पण कमी पावसाला दुष्काळमृत्यूंपर्यंत नेण्याचं काम सैन्याने केलं. पुढे सरकारने उत्तरेतली सुमारे सहा लाख माणसं जबरदस्तीने दक्षिणेला हलवली. वाटेत आणि नव्या जागी त्यांतली हजारो दगावली. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या फ्रेंच शाखेने याविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला, तेव्हा डिसेंबर १९८५ मध्ये तिला देशाबाहेर काढलं गेलं. मदतीसाठी आलेली वाहनं आणि धान्य या हलवाहलवीला हातभार लावत होतं, असा तिचा आरोप होता. ज्या प्रेक्षकाने पैसे दिले, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला भूक दिसली होती, भुकेचं कारण दिसलं नव्हतं.

माणूस एक चेहरा पाहून हलतो आणि आकडा पाहून हलत नाही, हे दानधर्माच्या जाहिराती करणाऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत होतं. २००७ साली डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोव्हिक यांनी ते मोजून दाखवलं. एक प्रश्नावली भरून देणाऱ्यांना त्यांनी पाच डॉलर दिले आणि मग त्यांतले काही दान करायची संधी दिली. काहींना मालीमधल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची गोष्ट वाचायला मिळाली. काहींना आफ्रिकेतल्या उपासमारीची आकडेवारी मिळाली. रोकियासाठी सरासरी २.३८ डॉलर निघाले, आकडेवारीसाठी १.१४. खरा धक्का तिसऱ्या गटाने दिला. त्यांना रोकियाची गोष्ट आणि आकडेवारी दोन्ही दिलं होतं. त्यांचं दान १.४३ डॉलरवर आलं. आकडे वाचले आणि करुणा आटली.

या प्रयोगाचा अर्थ चित्रपटवाल्यांनी सरळ घेतला: एक मूल दाखवा, डोळे मोठे असू द्या, कारणांच्या खोलात शिरू नका. पैसा गोळा करण्यासाठी ही रीत उपयोगी पडते. समज वाढवण्यासाठी मात्र ती घातक ठरली आहे. या शतकाच्या सुरुवातीला व्हीएसओ या ब्रिटिश संस्थेने ‘द लाइव्ह एड लेगसी’ नावाचा अहवाल काढला. त्यात दहापैकी आठ ब्रिटिशांच्या मनात विकसनशील देश म्हणजे दुष्काळ, आपत्ती आणि पाश्चात्त्यांची मदत, एवढंच चित्र असल्याचं दिसलं. २०१७ मध्ये हान्स रोस्लिंग यांच्या गॅपमाइंडर संस्थेने चौदा देशांतल्या बारा हजार लोकांना विचारलं की, गेल्या वीस वर्षांत टोकाच्या दारिद्र्यात जगणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, तेवढंच राहिलं की जवळजवळ निम्मं झालं? बरोबर उत्तर होतं निम्मं. ते देणारे फक्त सात टक्के निघाले. लाखो तास चित्रफिती पाहूनही जगाला ही गोष्ट कळली नव्हती, कारण कमी होत जाणाऱ्या गरिबीचं चित्र कोणी काढत नाही.

शिवाय टोकाची गरिबी म्हणजे दुष्काळ नव्हे. जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये तिची रेषा दिवसाला तीन डॉलरवर आणली. हा डॉलर बँकेत बदलून मिळणारा नाही. अमेरिकेत तीन डॉलरमध्ये जेवढं विकत घेता येतं, तेवढंच आपल्या गावात घ्यायला लागणारी रक्कम, असा त्याचा अर्थ. त्या रेषेखाली जगात सुमारे ऐंशी कोटी माणसं आहेत आणि त्यांतली बहुतेक सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत राहतात. यांतली फार थोडी दुष्काळी छावणीत आहेत. बाकीची शेतात राबतात, हमाली करतात, मुलांना शाळेत पाठवतात, उधारी फेडतात आणि पुन्हा उधारी करतात. त्यांच्या आयुष्यात कॅमेऱ्याला भावेल असं एकही नाट्यमय दृश्य नसतं. आजार आला की बकरी विकावी लागते, हीच तिथली शोकांतिका.

ही न दिसणारी गरिबी पडद्यावर आणण्याचा एक साधा पण हुशार प्रयत्न ‘लिव्हिंग ऑन वन डॉलर’ या २०१३ च्या माहितीपटाने केला. चार अमेरिकी तरुण ग्वाटेमालातल्या पेन्या ब्लांका नावाच्या खेड्यात ५६ दिवस राहिले, प्रत्येकी रोज एक डॉलरवर. पण त्यांनी तो डॉलर रोज घेतला नाही. रोज सकाळी टोपीतून चिठ्ठी काढायची. जो आकडा निघेल तेवढी त्या दिवसाची कमाई. कधी शून्य, पुन्हा शून्य, मग एकदम नऊ. कारण एका डॉलरवर जगणाऱ्याला रोज एक डॉलर मिळत नाही, तो सरासरीने मिळतो. गरिबीतली निम्मी डोकेदुखी या चढउतारांचीच असते. परक्या मुलांनी काही आठवडे गरीब होऊन पाहण्याला मर्यादा आहेत, आणि परतीचं तिकीट खिशात असलेल्याची गरिबी ही गरिबी नसतेच. पण ती टोपी आणि त्या चिठ्ठ्या पाहिल्यावर ‘गरिबांनी बचत का करू नये’ हा प्रश्न पुन्हा त्याच आढ्यतेने विचारता येत नाही.

गरिबी चित्रित करून तिचा माल बनवण्याविरुद्धचा सर्वांत तिखट चित्रपट कोलंबियात तयार झाला. लुईस ओस्पिना आणि कार्लोस मायोलो यांचा ‘अगार्रांदो पुएब्लो’, सत्तरच्या दशकाच्या अखेरचा. जर्मन दूरचित्रवाणीसाठी काम करणारे दोन जण काली शहरात गरीब शोधत फिरतात. भिकाऱ्याच्या अंगावर कॅमेरा घेऊन धावतात, रस्त्यावरच्या मुलांना पैसे टाकून कारंज्यात उड्या मारायला लावतात, भाड्याने आणलेल्या कुटुंबाला एका पडक्या घरात उभं करून संवाद पाठ करायला लावतात. शेवटी त्या घराचा खरा रहिवासी येतो आणि त्यांची फिल्म उधळून टाकतो. सगळंच रचलेलं आहे, पण त्यातला राग रचलेला नाही. या दिग्दर्शकद्वयाने अशा धंद्याला जो शब्द दिला, ‘पोर्नोमिझेरिया’, तो लॅटिन अमेरिकेत आजही वापरला जातो.

तोच राग मुंबईतही उमटला, आणि तो अभिनय नव्हता. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या ‘बॉम्बे: हमारा शहर’मध्ये झोपडी पाडली गेलेली एक बाई चित्रीकरण करणाऱ्यांवरच उसळते. तुम्ही आमचे फोटो काढून नाव कमावणार, आम्हाला त्यातून काय मिळणार, हा तिचा सवाल. पटवर्धनांनी तो कापला नाही. चित्रपटाच्या पोटात तो तसाच ठेवला, आणि नंतर १९८६ मध्ये झोपड्या पाडण्याविरुद्ध शबाना आझमींनी केलेल्या उपोषणात तेही सहभागी झाले. पटवर्धनांच्या चित्रपटानंतर तीनच वर्षांनी मीरा नायर यांचा ‘सलाम बॉम्बे!’ आला. त्यात रस्त्यावरच्या मुलांनीच कामं केली होती. चित्रपट गाजला आणि त्यातून ‘सलाम बालक ट्रस्ट’ उभा राहिला, तो आजही मुंबई आणि दिल्लीत काम करतो. चित्रीकरण संपल्यावर त्या माणसांचं काय झालं, हा प्रश्न विचारणं समीक्षकांना कलाबाह्य वाटतं. तो कलाबाह्य नाही. ज्याचं दुःख उसनं घेतलं, त्याचा हिशेब चित्रपटाच्या गुणवत्तेत धरायलाच हवा.

भुकेचं कारण दाखवणारे चित्रपट थोडे आहेत, पण आहेत. अब्देरहमान सिसाको या मॉरिटेनियन दिग्दर्शकाचा ‘बामाको’ (२००६) त्यांत सर्वांत वर ठेवावा असा. मालीच्या राजधानीत, सिसाकोचं बालपण गेलं त्या घराच्या अंगणात एक न्यायालय भरतं. फिर्यादी आफ्रिकेतली जनता, प्रतिवादी जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी. वकील आणि न्यायाधीश खऱ्या आयुष्यातही त्याच पेशातले. कर्जाचे हप्ते, विकलेली रेल्वे, बंद पडलेल्या शाळा यांवर युक्तिवाद चालू असताना बाजूला बायका कापड रंगवत असतात, एक लहान मूल दुडदुडत असतं, आत एक आजारी माणूस पडून असतो. एक म्हातारा शेतकरी उठतो आणि आपल्या बोलीत गाऊन साक्ष देतो. त्या गाण्याला दिग्दर्शकाने उपशीर्षकं दिली नाहीत. न्यायालयाला ते कळत नाही, प्रेक्षकालाही नाही. ऐकून घ्यावं लागतं.

२०१२ साली ‘व्हाय पॉव्हर्टी?’ या उपक्रमाखाली आठ माहितीपट तयार झाले आणि जगभरातल्या अनेक वाहिन्यांवर एकाच सुमारास दाखवले गेले. त्यांतला ‘स्टीलिंग आफ्रिका’ झांबियातल्या तांब्याच्या खाणींपासून स्वित्झर्लंडमधल्या र्‍यूश्लिकोन या छोट्या गावापर्यंत पैशाचा माग काढतो. तांबं झांबियाच्या जमिनीतून निघतं आणि कर मात्र खाणकंपनीच्या प्रमुखाच्या गावाच्या तिजोरीत जमा होतो. त्यात हाडांचा सापळा झालेलं एकही मूल नाही. तरी गरिबी कशी तयार होते, हे तो अनेक रडवणाऱ्या चित्रपटांपेक्षा स्पष्ट सांगतो.

आता तिसरी चित्रफीत. पुन्हा इथिओपिया, २०१०. ओरोमिया प्रांतातला डोबा हा दुर्गम, कोरडवाहू जिल्हा. टँगी बर्नार्ड, स्टेफान डेरकॉन, केट ऑर्किन आणि अलेमायेहू ताफेसे या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या खेड्यांत छोटे माहितीपट नेऊन दाखवले. प्रत्येक सुमारे पंधरा मिनिटांचा, सगळे मिळून तासभर. विषय भुकेचा नव्हता. त्याच भागातली, त्याच भाषेत बोलणारी, तशाच गरिबीत वाढलेली माणसं आपली गोष्ट सांगत होती: शेती कशी सुधारली, छोटा धंदा कसा उभा केला, चुकलं तेव्हा काय केलं, कोणी मदत केली. कोणी मंत्री नाही, कोणी नट नाही. ना दान मागितलं, ना उपदेश केला. तुलनेसाठी काही लोकांना त्याच वेळी करमणुकीचा कार्यक्रम दाखवला गेला आणि काहींना काहीच दाखवलं नाही.

सहा महिन्यांनी अभ्यासक परत गेले. माहितीपट पाहिलेल्यांची बचत वाढली होती, कर्ज घेऊन काही करण्याची तयारी वाढली होती, अधिक मुलं शाळेत जात होती आणि त्यांच्या शिक्षणावरचा खर्च वाढला होता. करमणूक पाहिलेल्या गटात तसं दिसलं नाही. एका संध्याकाळचा तासभर. त्या लोकांना पैसे दिले नव्हते, बियाणं दिलं नव्हतं. त्यांनी फक्त आपल्यासारख्या कोणाचं तरी पुढचं आयुष्य पाहिलं होतं. युगांडातही असंच दिसलं. कम्पालाच्या झोपडवस्तीतून बुद्धिबळपटू झालेल्या मुलीवरचा ‘क्वीन ऑफ कात्वे’ परीक्षेच्या थोडे दिवस आधी विद्यार्थ्यांना दाखवला गेला. एमा रायली यांच्या अभ्यासात तो पाहिलेल्या विद्यार्थ्यांची, विशेषतः दहावीच्या पातळीवरच्या मुलींची, गणितातली कामगिरी सुधारलेली आढळली.

गरिबीविषयीच्या चित्रपटांची चर्चा करताना प्रेक्षक श्रीमंत आहे असं गृहीत धरण्याची सवय किती खोल आहे, हे या प्रयोगांनी दाखवून दिलं. जाणीव जागी करायची ती नेहमी लंडन, न्यूयॉर्क किंवा दक्षिण मुंबईतल्या माणसाची. गरीब माणूस पडद्यावर असतो, खुर्चीत नसतो. अहमदाबादच्या सेवा संघटनेने १९८४ मध्येच ही रचना उलटी केली होती. भाजीवाल्या आणि मजूर बायकांच्या हाती त्यांनी व्हिडिओ कॅमेरा दिला. त्यांतल्या काहींना लिहितावाचताही येत नव्हतं. तेलंगणात झहीराबादजवळ डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायकांनी बीटी कापसाने बुडालेल्या वारंगळच्या शेतकऱ्यांवर चित्रफिती काढल्या. मुख्य कार्यालय गोव्यात असलेली ‘व्हिडिओ व्हॉलंटियर्स’ ही संस्था वस्त्यांमधल्या तरुणांना चित्रीकरण शिकवते. नळ का येत नाही, रेशन का मिळत नाही, यावर ते छोट्या चित्रफिती करतात आणि त्या थेट संबंधित अधिकाऱ्याला नेऊन दाखवतात. प्रेक्षक एकच, पण नेमका.

डोब्याच्या प्रयोगातून कोणी असा अर्थ काढू नये की गरिबांना स्वप्नं दाखवली की काम झालं. इथिओपियात राष्ट्रीय दारिद्र्यरेषेखालच्या लोकांचं प्रमाण २००० साली सुमारे ४४ टक्के होतं, ते २०१६ मध्ये २३.५ टक्क्यांवर आलं. हे रस्त्यांनी केलं, खतांनी केलं, आरोग्यसेविकांनी केलं, आणि २००५ पासूनच्या त्या मोठ्या योजनेने केलं, जिच्यात लाखो गरीब कुटुंबांना कोरड्या महिन्यांत सार्वजनिक कामांवर मजुरी मिळते. बहात्तरच्या महाराष्ट्राने जे केलं, त्याच्याशी तिचं नातं उघड आहे. चित्रपट मजुरी देऊ शकत नाही. ती मागण्याचं बळ तो देऊ शकतो, आणि ती का मिळत नाही हे सांगू शकतो.

आणि २०२० च्या नोव्हेंबरात तिग्रेमध्ये पुन्हा युद्ध पेटलं. दूरध्वनी आणि इंटरनेट तोडलं गेलं, वार्ताहरांना रोखलं गेलं, मदतीच्या गाड्या अडवल्या गेल्या. मेकेलेच्या रुग्णालयांत पुन्हा कुपोषित मुलं आली. १९८४ ला जगाने पाहिलेलं तेच शहर. या वेळी जगाला फारसं काही दिसलं नाही, म्हणून जगाने फारसं काही केलं नाही. चित्रांच्या मर्यादा सांगताना चित्र नसण्याची किंमतही सांगितली पाहिजे.

दर वर्षी १७ ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रांचा दारिद्र्य निर्मूलन दिन असतो. महाराष्ट्रातल्या फिल्म सोसायट्या आणि महाविद्यालयं त्या दिवशी एखादा चित्रपट दाखवणार असतील, तर त्यांनी रडवणारा निवडू नये, कारण सांगणारा निवडावा. ‘बामाको’ दाखवा. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवरचा, पत्रकार पी. साईनाथ यांच्यासोबत फिरणारा दीपा भाटिया यांचा ‘निरोज गेस्ट्स’ दाखवा. आणि दाखवताना बहात्तर साली खडी फोडलेली जी माणसं अजून गावोगाव आहेत, त्यांना बोलवा. चित्रपट संपल्यावर सर्वांत आधी त्यांना बोलू द्या.